स्टेशिया रोनेनचा बगळा

स्टेशिया रोनेनला बगळे मुळीच आवडत नसत. तिचा मामा गावच्या ली नदीत वाम मासे धरायला सापळे लावायचा आणि तो सापळा उपसायला पोचायच्या आधीच बगळे त्यातला माल लांबवायचे. लहानपणी ती काठावर उभी राहून त्यांना दगड मारायची. पुढे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरभर तिचं नाव झालं ते एका बगळ्यामुळेच, आणि याचं तिला स्वतःलाही हसू यायचं.

तिचा बाप नीलस रोनेन चांदीवर कोरीव काम करायचा. नॉर्थ मेन स्ट्रीटच्या मागच्या बोळात टोबायस वॉरिंग नावाच्या चांदीकाराची पेढी होती. खाली भट्टी, ठोकणारे आणि उजळणारे. वर माडीवर उत्तरेच्या खिडकीशी नीलस एकटा. आसपासच्या जमीनदारांच्या घरची तबकं, सूपची भांडी, डाव, चमचे त्याच्याकडे कोरे यायचे आणि कुणाचा सिंह, कुणाचं हरीण, कुणाची तलवार धरलेली मूठ अंगावर घेऊन खाली उतरायचे. ज्या घराचं भांडं, त्या घराचं चिन्ह. भांड्याच्या तळाशी वॉरिंग आपलं नाव आणि ‘स्टर्लिंग’, म्हणजे चांदी अस्सल, एवढा एक शब्द ठोकायचा. तपासणीचा शिक्का हवा तर माल डब्लिनला धाडावा लागे आणि वाटेवर लुटारू बसलेले. म्हणून कॉर्कची चांदी कॉर्कच्या माणसाच्या शब्दावरच विकली जाई. कोरणाऱ्याचं नाव मात्र भांड्यावर कुठंच नसे.

आई लवकर गेलेली, त्यामुळे दुपारचं जेवण घेऊन स्टेशियाच माडीवर यायची. बटाटे, ताक, आणि बाजाराच्या दिवशी कापून तळलेली ड्रिशीन, म्हणजे रक्ताची जाड सॉसेज. बाप जेवायचा तोवर ती त्याच्या स्टुलावर बसून तांब्याच्या तुकड्यावर कोरणी चालवून बघायची. नीलसनं कधी ‘शिक’ म्हटलं नाही आणि कधी ‘ऊठ’ही म्हटलं नाही. “कोरणी ढकलू नकोस,” एवढंच तोंडातल्या घासासकट सांगायचा. “कोरणी जागच्या जागी ठेव, भांडं फिरव.” वाळू भरलेल्या चामडी उशीवर तांबं फिरवत फिरवत ती वेलबुट्टी शिकली, अक्षरं शिकली, आणि सतरा-अठरा वर्षांची होईतो तिची रेघ बापाच्या रेघेशेजारी ठेवली तर ओळखू येईना.

त्याच सुमारास नीलसचा उजवा हात थरथरायला लागला.

बोळातले लोक डोळे मिचकावून विचारायचे, “काय नीलस, सकाळीसकाळीच?” नीलस दारूच्या थेंबालाही शिवत नसे. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून तो अक्षरं कशीबशी निभावून न्यायचा, पण वळण आलं की त्याच्या कपाळावर घाम फुटायचा. कागदावरची रेघ खोडता येते. चांदीवर कोरणी घसरली की घसरलीच.

अशात किलव्हार्नाच्या लॉर्डांचं काम आलं. घराणं पैसेवालं होतं, पण लॉर्डपण नवंकोरं, अजून कडक इस्त्रीचं. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा, सज्ञान होणार होता, त्याच्या मेजवानीसाठी अख्खा संच हवा होता: मोठं तबक, सूपची झाकणवाली भांडी, सिंहाच्या पंजांवर उभी असलेली साखरदाणी, टेबलाला चटका बसू नये म्हणून गरम भांड्याखाली ठेवायची जाळीदार कडी, आणि चमचे-काटे तर खंडीभर. प्रत्येकावर घराण्याचं चिन्ह: चोचीत वाम धरलेला बगळा, आणि खाली लॅटिनमध्ये ‘मी वाट पाहतो’. किलव्हार्नाची कुळं म्हणायची, खंडाची वाट पाहतो, दुसरं काय!

नमुन्याचा कागद डब्लिनहून आला होता. नीलसनं तबकावर खडूची पूड चोळली, कोरणी उचलली, आणि परत खाली ठेवली.

“स्टेशिया, दार लाव.”

तिनं दार लावलं.

“हे तू कर.”

“मी? बाबा, हे लॉर्डाचं तबक आहे.”

“तबक कुणाचं का असेना, चांदी तीच. माझ्याच्यानं हा गळा वळायचा नाही.” त्यानं हात पुढे धरून दाखवला. उकळत्या पाण्यावरच्या झाकणासारखा तो थडथडत होता.

स्टेशियानं कागद उजेडात धरला आणि तिचं तोंड वाकडं झालं. “हा बगळा नाही, बाबा. कोंबडीला दोरी बांधलीय.”

“असू दे. लॉर्डाला कुठं कळतंय?”

“मला कळतंय ना.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती चित्र काढायला पाटी-पेन्सिल घेऊन नदीवर गेली. पाणी हटून चिखल उघडा पडला होता आणि तिचा जुना वैरी एका पायावर उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दगड न उचलता त्याच्याकडे पाहिलं. मान आत घडी करून ठेवलेली, खांदे एखाद्या म्हाताऱ्या वकिलासारखे वर चढलेले. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम मान सुटली, आणि चोचीत वाम आली ती वेटोळं घालून चोचीलाच आवळायला लागली. बगळ्यानं डोळा मिटला, झटका दिला, परत डोळा उघडला. स्टेशियानं रेघांनी पाटी भरून टाकली. नंतर आठवडाभर ती रोज जात राहिली आणि एकदा गुडघ्याएवढ्या चिखलात रुतली तेव्हा मामानंच तिला शिव्या घालत ओढून काढलं.

मग ती तबकावर बसली. छातीवरची पिसं तिनं इतक्या बारीक रेघांनी भरली की तबक हललं की वाऱ्यानं पिसं हलल्यासारखी वाटावीत. वाम चोचीला वेटोळं घालून होती. आणि डोळा अर्धा मिटलेला.

वॉरिंग माडीवर आला तेव्हा नीलस स्टुलावर बसला होता आणि स्टेशिया केर काढत होती, आधीच ठरवून. वॉरिंगनं तबक खिडकीशी नेलं. उजेडात इकडून तिकडे तिरपं करून पाहिलं.

“नीलस,” शेवटी तो म्हणाला, “खिडकी लाव रे. उडून जाईल हा.”

नीलसनं मान खाली घातली. ‘तुमची कृपा, मालक’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. दोघांनी तसंच ठरवलंही होतं. पण त्याच्या तोंडून ते निघेना.

“मी नाही केला, मालक. हिनं केलाय.”

“कुणी?”

“माझ्या मुलीनं. ही केर काढतेय ती.”

वॉरिंगनं आधी तबकाकडे, मग मुलीकडे, मग परत तबकाकडे पाहिलं. “अरे देवा,” तो म्हणाला. “पोरगी. वर कॅथलिक. बड्या प्रॉटेस्टंट गिऱ्हाइकांना हे चालायचं नाही. ही गोष्ट या माडीच्या खाली जाता कामा नये, समजलं? किलव्हार्नाच्या बाईसाहेब गुरुवारी येणार आहेत.”

गुरुवारी बाईसाहेब आल्या, आणि नीलस मुद्दाम खाली दुकानात येऊन उभा राहिला. अंगावर चर्चला जायचा कोट. वॉरिंगनं त्याला डोळ्यांनी दोनदा हाकललं, पण तो हलला नाही. बाईसाहेबांनी तबक मांडीवर घेतलं आणि खळखळून हसल्या.

“अगं बाई, हा तर आमच्या तळ्यावरचा! तासन्‌तास काही करत नाही, आणि मासे सगळे हाच खातो. अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. कुणाचं काम आहे हे?”

“आमच्या पेढीचं, बाईसाहेब,” वॉरिंग म्हणाला.

“माझ्या मुलीचं, बाईसाहेब,” मागून नीलस म्हणाला. “अनास्टेशिया रोनेन. वर बसलीय. बोलावू?”

वॉरिंगच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. बाईसाहेबांनी भुवया उंचावल्या, परत एकदा त्या अर्ध्या मिटल्या डोळ्याकडे पाहिलं. “नको, कामातून उठवू नका तिला,” त्या म्हणाल्या. “पण राहिलेला सगळा संच तिच्याच हातचा पाहिजे. दुसऱ्या कुणी माझ्या बगळ्याला हात लावायचा नाही.”

ते सगळं जिन्यावर बसून स्टेशियानं ऐकलं होतं. काम करत होती म्हणे! बापाचा तो आवाज, ‘बोलावू?’ म्हणतानाचा, तिला जन्मभर पुरला.

संच पुरा व्हायला वर्ष लोटलं. त्यानंतर वॉरिंगकडे येणारे लोक ‘किलव्हार्नाचा बगळा करणारी’ म्हणून तिलाच मागू लागले आणि वॉरिंगनं तिला माडीवरून हलवायचा विषय कधी काढला नाही. नीलस पुढे बरीच वर्षं जगला. कोरणी हातात धरता येत नव्हती, पण रोज येऊन खिडकीशी बसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, “ते हरीण बघितलंत? आमच्या स्टेशियाचं.”

तिनं लग्न केलं ते बॅट ट्वोमीशी. बॅट लोण्याची लाकडी पिंपं बनवायचा. कॉर्कचं लोणी त्या पिंपांतून लिस्बनपासून वेस्ट इंडीजपर्यंत जायचं, आणि बॅटला त्याचा ताठा होता. “तुझी भांडी लॉर्डाच्या कपाटात बसतात,” तो तिला चिडवायचा, “माझी भांडी समुद्र ओलांडतात.” ती म्हणायची, “आणि रिकामी झाली की चुलीत जातात.” त्यांचा संसार असा हसतखेळत चालला होता.

मग डब्लिनचं पार्लमेंट बंद झालं, आयर्लंडचा कारभार लंडनला गेला आणि मोठी घरं एकेक करून लंडनकडे सरकली. किलव्हार्नाच्या बाईसाहेब वारल्या होत्या. मेजवानी ज्याच्यासाठी झाली तो मुलगा आता लॉर्ड होता. त्यानं घराला कुलूप लावलं आणि सामान लिलावात काढलं. चांदीचा अख्खा संच घेतला पेग गोगिननं.

पेग म्हणजे शँडनच्या लोणीबाजारातल्या सगळ्यात बड्या व्यापाऱ्याची बायको. तिची आई डोक्यावर ताकाची चरवी घेऊन दारोदार फिरायची, हे पेग स्वतःच सगळ्यांना सांगायची, कुणी मागून कुजबुजायच्या आत. गवतात गुंडाळलेली चांदी टोपल्यांतून गाडीत घालून ती थेट स्टेशियाच्या माडीवर आली, धापा टाकत.

“स्टेशिया, बये, किती जिने हे! हे बघ. हा बगळा सगळीकडचा पुसून टाक आणि त्या जागी माझी गाय काढ. शिंगं चांगली मोठी काढ. दूध देणारी दिसली पाहिजे.”

स्टेशियानं गवत बाजूला केलं. विशीत हातावेगळं केलेलं तबक होतं ते. आता तिला चष्मा लागला होता आणि केस पांढरे व्हायला आले होते. तिनं ते उजेडात तिरपं धरलं. पिसं हलली.

“गाय काढीन,” ती म्हणाली. “हवी तेवढी दुभती काढीन. पण नव्या चांदीवर. हा खरवडणार नाही.”

“का?”

“खरवडलं की चांदी पातळ होते. अंगठा दाबलास तर खड्डा पडेल.”

“पडू दे. माझा अंगठा, माझी चांदी.”

“ते नुसतं सांगायचं कारण,” स्टेशिया म्हणाली. “खरं कारण असं, की हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे आणि मी माझ्या हातानं ते मारणार नाही.”

पेगचा चेहरा लाल झाला. “लॉर्डाचा पुळका आलाय तुला! कुळांच्या रक्तावर पोसलेला पक्षी तो!”

“लॉर्ड गेला खड्ड्यात. पक्षी लॉर्डानं नाही काढलेला.”

“नवऱ्याला विचार जरा,” पेग जिन्याकडे वळत म्हणाली. “त्याच्या पिंपांत लोणी कुणाचं जातं, ते विचार.”

संध्याकाळी जेवताना स्टेशियानं बॅटला सगळं सांगितलं. बॅटचा घास हातातच राहिला. गोगिन तोडले तर त्याच्या कारखान्यात अर्धी माणसं रिकामी बसली असती.

“एक गाय काढली असतीस तर काय बिघडलं असतं ग?”

“गाय काढायला ना नाही रे. बगळा पुसायला ना आहे.”

बॅट उठला, चुलीपाशी जाऊन उभा राहिला, परत आला. “मला कुणी सांगितलं, की बॅट, तू केलेलं हे सगळ्यात चांगलं पिंप, याचा तळ तूच फोड...” तो थांबला. “दिली असती एक ठेवून त्याच्या. मोठ्या बाईला नुसतं ‘नाही’ म्हणालीस, हेच पुष्कळ सभ्यपणे केलंस. बटाटे वाढ.”

पेगनं पिंपं तोडली नाहीत. बाई तशी खुनशी नव्हती. पण हट्टी होती. नदीपलीकडे एक नवा कोरणारा आला होता, त्याच्याकडे तिनं संचातलं एक लहानसं तबक दिलं. त्यानं दोन दिवसांत बगळा खरवडून, घासून, उजळून तबक आरशासारखं लख्ख करून दिलं. गाय नंतर काढायची होती. पेगनं ते घरी आणलं, तोंडापुढे धरून पाहिलं, डाग दिसला म्हणून त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि एप्रनच्या टोकानं पुसायला गेली.

वाफेतून बगळा वर आला. मान, खांदे, चोच, चोचीवरची वाम, सगळा. वाफ विरली तसा विरला. तिनं परत फुंकलं, परत आला.

मोलकरणीनं तर क्रूसाची खूण करून पळ काढला. पेग मात्र तबक मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली, फुंकत आणि बघत. मग तिनं शाल गुंडाळली आणि परत त्या जिन्यावर धापा टाकत चढली.

“घे,” तबक स्टेशियापुढे ठेवून ती म्हणाली. “जात नाही मेला. फुंकून बघ.”

स्टेशियाला कारण माहीत होतं. कोरणीच्या दाबानं चांदी आतपर्यंत घट्ट होते. वरची रेघ गेली तरी दाब राहतो, आणि वाफ त्यावर निराळी बसते. पण स्वतःचा दाब असा समोर येताना तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं वाफ सोडली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्या खिडकीशी बसलेली, चिखलानं पाय भरलेली पोरगी एवढ्या जोरानं आणि एवढ्या नेमानं कोरत होती तर! तिची छाती भरून आली. रडू नव्हे, दुसरंच काहीतरी.

“पुन्हा कोरता येईल?” पेगनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“चांदी पातळ झालीय. कोरणी आरपार गेली तर तबक वाया.”

“गेली तर गेली. तुझ्या हातून जाऊ दे.”

तिनं बगळा पुन्हा कोरला. वाफ सोडायची, रेघ दिसली की खडूनं धरायची, आणि श्वास रोखून अगदी हलक्या हातानं कोरणी न्यायची. तबक फिरत होतं, कोरणी जागची हलत नव्हती. पहिल्या बगळ्याहून हा थोडा म्हातारा दिसला, मान जरा जास्त आत ओढलेली. कोरणी कुठंही आरपार गेली नाही.

सेंट मायकेलच्या सणाला पेगनं रिवाजाप्रमाणे पाळीव हंस भाजला आणि शहरातली बडी मंडळी जेवायला बोलावली. स्टेशिया आणि बॅटलाही बोलावणं होतं, आणि तेही मागच्या दारानं नाही. बॅटनं कॉलर इतकी कडक केली होती की त्याला मान वळवता येत नव्हती. जन्मभर लोकांच्या ताटांवर कोरलं, पण चांदीतून जेवायची स्टेशियाची ही पहिलीच वेळ. चमचा उचलल्यावर ती आधी सवयीनं रेघच तपासत राहिली.

टेबलाच्या टोकाला एक वकील बसला होता, किलव्हार्नाचं कामकाज पाहिलेला. त्यानं डाव पालथा करून पाहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “वा, मिसेस गोगिन! किलव्हार्नाचा बगळा! ताकाच्या चरवीवर बसायला कधी आला हो हा?”

दोन-चार जण हसले. पेगनं हंस कापायची सुरी खाली ठेवली.

“किलव्हार्नाचा होता तेव्हा त्यांनी लिलावात काढला,” ती म्हणाली. “मी तर तो पुसायला निघाले होते, पुसला गेला नाही. आता मला कळलंय हा कुणाचा ते. तुमच्या शेजारी बसलीय ना ती बाई, स्टेशिया रोनेन, तिचा आहे हा बगळा. माझ्याकडे नुसता राहायला आहे.”

सगळ्या माना वळल्या. वकिलानं चष्मा सावरला. “हे सगळं तुम्ही कोरलंत? बाईमाणसानं?”

“हो,” स्टेशिया म्हणाली. मान खाली घालावी, असं तिला एक क्षणभरही वाटलं नाही. “तबकापासून मिठाच्या चमच्यापर्यंत. सतराशे पंचाहत्तर साली सुरू केलं, वॉरिंगच्या माडीवर. तुमच्या हातातला डाव करताना मला ताप होता, तरी मान बघा किती सुरेख वळलीय.”

वकिलानं खरंच पाहिलं. “सुरेख आहे,” तो म्हणाला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मग एकेकानं आपापला चमचा दिव्याकडे धरला. हंस निवत चालला होता तरी पेग कुणालाच ‘जेवा’ म्हणेना. कोपरं टेबलावर टेकून ती स्टेशियाकडे बघत बसली होती, जणू ही मेजवानी तिनं त्यासाठीच घातली होती.

त्या हिवाळ्यात पेगची गायही झाली, नव्या चांदीच्या दुधाच्या भांड्यावर. शिंगं मोठी आणि कास भरलेली. पेगला फार आवडली. तरी पाहुणे आले की टेबलावर आधी बगळाच यायचा. घरोघरच्या लोकांनी मग नवी भांडी करवताना ‘रोनेनच्या हातचं’ असं सांगून मागायला सुरुवात केली, आणि वॉरिंगचा मुलगा, जो आता पेढी चालवायचा, गिऱ्हाइकाला स्वतः जिना चढवून वर आणू लागला.

बॅटची बढाई तर विचारू नका. पिंपांच्या कारखान्यात तो पिंपाची फळी तासता तासता सांगायचा, “आमच्या घरात दोन कारागीर. एकाचं काम लोक विकत घेतात, एकीचं पुसायला गेले तरी पुसलं जात नाही.” आणि कुणी विचारलंच, “मग त्यातला तू कुठला रे बॅट?” तर तो हातोडी उचलून म्हणायचा, “मी? मी तिचा नवरा!”